लेखापरीक्षकाचा अहवाल कसा वाचावा?

विविध कार्यकारी सहकारी सेवा संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंद वाचला जातो, सभासद माना डोलावतात आणि विषय मंजूर होतो. लेखापरीक्षकाचा अहवाल मात्र पुष्कळदा कपाटातच राहतो. वस्तुतः ज्या संस्थेत शेतकऱ्याचे भागभांडवल गुंतलेले आहे व जिच्याकडून त्यास पीककर्ज मिळावयाचे आहे, तिची खरी प्रकृती कळण्याचे साधन हा अहवालच होय.

हिशेब ठेवणे हे सचिवाचे व संचालक मंडळाचे काम. ते तपासून मत देणे हे लेखापरीक्षकाचे. ही फारकत हाच लेखापरीक्षणाचा प्राण आहे. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यातच वार्षिक तपासणीची तरतूद होती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ अन्वये आजही प्रत्येक संस्थेस दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. २०१३ च्या दुरुस्तीने मान्य नामतालिकेतून लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेकडे आला. तेव्हा ही नेमणूक सभासदांनी विचारपूर्वक करावयास हवी.

अहवालात प्रथम 'मत' आणि त्यामागील 'मताचा आधार' हे भाग पाहावेत. मताचे चार प्रकार आहेत. ते एकाच काल्पनिक संस्थेच्या उदाहरणाने समजून घेऊ.

१) निर्दोष मत : कर्जखाती व रोख शिल्लक जुळते, खताचा साठा गोदामात प्रत्यक्ष भरतो, थकबाकीसाठी योग्य तरतूद केलेली आहे. अशा वेळी हिशेब संस्थेचे सत्य व वाजवी चित्र दाखवितात, असे लेखापरीक्षक लिहितो.

२) सशर्त मत : बाकी सर्व ठीक, पण ताळेबंदात खताचा साठा २ लाख रुपयांचा दाखविला असून गोदामात दीड लाखाचाच माल आहे. दोष महत्त्वाचा, तथापि एका बाबीपुरता आहे. येथे 'ही बाब वगळता' असे शब्द येतात. ते तीन शब्द वाचताना गाळले, तर अहवालाचा अर्थच पालटतो.

३) प्रतिकूल मत : वर्षानुवर्षे वसूल न झालेले व्याज उत्पन्नात धरून, बुडीत कर्जे येणे म्हणून दाखवून, तोट्यातील संस्था नफ्यात दाखविली आहे. दोष सर्व हिशेबांत पसरला आहे. हे हिशेब सत्य व वाजवी चित्र दाखवीत नाहीत, असे लेखापरीक्षक स्पष्ट सांगतो.

४) मत देण्यास असमर्थता : कर्जखतावणी, पावतीपुस्तके व साठावही तपासणीस मिळालीच नाहीत. पुरावाच नसल्याने लेखापरीक्षक मत देत नाही. 'दोष दाखविलेला नाही' असा याचा अर्थ करणे घातक आहे. दप्तर का मिळाले नाही, हा प्रश्न सभेत विचारलाच पाहिजे.

याबाबत तीन गैरसमज आढळतात. निर्दोष मत म्हणजे संस्था नफ्यात आहे असे नव्हे. तोटा प्रामाणिकपणे दाखविणाऱ्या संस्थेसही असे मत मिळते. दुसरे, लेखापरीक्षक प्रत्येक पावती पाहत नाही, पुष्कळशी तपासणी निवडक नोंदींची असते. म्हणून त्याचे मत ही वाजवी खात्री आहे, हमी नव्हे. तिसरे, संस्थेस मिळणारा अ, ब, क किंवा ड हा लेखापरीक्षण वर्ग वेगळा आणि हिशेबांवरील मत वेगळे. केवळ वर्ग ऐकून समाधान मानू नये.

अहवाल आला म्हणजे काम संपले असे नाही. कलम ८२ प्रमाणे दाखविलेल्या दोषांचा खुलासा व दुरुस्ती करून, अहवालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत संस्थेने निबंधकास कळवावयाचे असते आणि तो दोषदुरुस्ती अहवाल पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावयाचा असतो. पेरलेल्या शेतातील तण दिसले, पण खुरपणी केली नाही, तर दिसण्याचा उपयोग काय?

ग्राम कार्यकर्त्यांनी सभेपूर्वी सभासदांना एवढे समजावून सांगावे की, मताचा परिच्छेद सचिवांकडून शब्दशः वाचून घ्यावा, त्याचा आधार विचारावा आणि गतवर्षीच्या दोषांपैकी किती दूर झाले हे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. असे प्रश्न विचारणे हा कोणावर अविश्वास नव्हे. तो सभासदाचा हक्क आहे, आणि प्रामाणिक सचिवास त्याचा आधारच वाटतो.