श्रोत्यांची मोजदाद

‘स्थालीपुलाकन्याय’ आमच्या वाचकांस नवा नाहीं. पातेल्यांतील एक शीत चेपून पाहिलें म्हणजे भात शिजला कीं नाहीं तें कळतें. प्रत्येक शीत चेपीत बसावें लागत नाहीं. नभोवाणीचा अमुक कार्यक्रम किती लोक ऐकतात हें सांगणारांचा सारा व्यवसाय ह्या एका न्यायावर उभा आहे. पांचशें माणसांस विचारावयाचें आणि कोटीभर वस्तीच्या शहराविषयीं बोलावयाचें. गणितशास्त्राची ह्यास हरकत नाहीं. परंतु ह्या न्यायाच्या पोटांत एक अट आहे, ती बहुधा कोणी उच्चारीत नाहीं : जाळ पातेल्यास सर्वत्र सारखा लागलेला असावा.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हे. साबण, चहा, मसाले विकणारा व्यापारी नभोवाणीस जाहिरातीचे पैसे देतो ते ह्याच आंकड्यांवरून, आणि ते शेवटीं आपल्याच वाण्याच्या बिलांतून वसूल होतात. अलीकडे सुशिक्षित घरांतील तरुणहि लोणच्याचा कारखाना किंवा शिकवणीचा वर्ग काढतात. त्यांच्या दारींहि स्टेशनचा माणूस आंकड्यांचा कागद घेऊन येतो. त्या कागदावर भरंवसा किती ठेवावा?

ह्या विद्येचा जन्म अमेरिकेंतला, तेव्हां तिची कुंडली तेथूनच मांडली पाहिजे. १९३० सालीं आर्चिबाल्ड क्रॉस्ली ह्यांनीं जाहिरातदारांच्या संघटनेच्या आश्रयानें मोजणी सुरू केली. लोकांस टेलिफोन करून आदल्या दिवशीं काय ऐकलें तें विचारीत. पण स्मृति मोठी पक्षपाती. गाजलेला कार्यक्रम तिच्या ध्यानांत राहतो, साधा विसरतो. म्हणून १९३४ मध्यें क्लॉड हूपर ह्यांच्या माणसांनीं ‘ह्या क्षणीं आपल्याकडे काय चालू आहे?’ असें विचारण्याचा परिपाठ पाडला. स्मृतीचा दोष गेला, परंतु टेलिफोन राहिलाच. आणि त्या काळीं निम्म्याहून अधिक अमेरिकन घरांत टेलिफोन नव्हता. लक्ष्याचा कांहीं भाग लक्षणाबाहेर राहिला कीं नैयायिक त्यास अव्याप्ति म्हणतात. येथें तर अर्ध्याहून जास्त देश बाहेर राहिला होता.

नमुना मोठा घेतला म्हणजे हा दोष जातो, असा पुष्कळांचा समज आहे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकींत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानें सुमारें एक कोटि मतपत्रिका मुख्यतः टेलिफोन व मोटारींच्या याद्यांवरून धाडल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असें भाकित केलें. रूझवेल्ट ४८ पैकीं ४६ राज्यांत विजयी झाले.

नंतर यंत्र आलें. मॅसेच्यूसेट्सच्या तंत्रशाळेंतील दोघां अध्यापकांनीं योजिलेला ‘ऑडिमीटर’ नील्सन कंपनीनें घेतला व १९४२ पासून त्यावर मोजणी सुरू केली. रेडिओ केव्हां लावला व कांटा कोठें होता हें तो बिनचूक टिपी. खोलींत माणूस होतें कीं मांजर, हें त्यास कळत नसे.

पुढें रोजनिशीची पद्धति रूढ झाली. आठवडाभर काय ऐकलें तें ज्यानें त्यानें लिहावयाचें. (आपल्या एकत्र कुटुंबांत हें काम थोरल्या जाऊबाईंकडे जाईल, व शनिवारीं रात्रीं त्या सगळ्यांचें सगळें आठवून लिहितील, हें सांगावयास ज्योतिषी नको.) तींत नियम असा कीं पंधरा मिनिटांपैकीं पांच मिनिटें ऐकलें तरी पुरा पाव तास जमेस धरावा. स्टेशनवाल्यांनीं हें हेरलें. जाहिरातींचा गठ्ठा ते पाव तासाच्या सांध्यापासून दूर ठेवूं लागले, म्हणजे सांध्याच्या अलीकडे पांच व पलीकडे पांच मिनिटें गाण्यांचीं पडून दोन्ही पाव तास पदरांत यावे. ह्यांतील मौज पाहा! जाहिरातदारानें ज्या मिनिटांचे पैसे मोजले, तीं मोजणीस अनावश्यकच ठरलीं. गाणें ऐकलें गेलें एवढें त्या आंकड्यानें सिद्ध होतें. साबणाचें नांव ऐकलें गेलें हें होत नाहीं.

२००७ पासून आर्बिट्रॉन कंपनीनें रोजनिशीच्या जागीं अंगावर बाळगण्याचें लहान यंत्र आणलें. प्रक्षेपणांत मिसळलेला, मनुष्याच्या कानास न कळणारा संकेत तें टिपतें. न्हाव्याच्या दुकानांत रेडिओ चालू असला तर डोकें पुढें करून बसलेला गिऱ्हाईकहि श्रोता ठरतो, ही अतिव्याप्ति. पण जुनें दुखणें गेलें नाहीं तें नाहींच. २००८ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क व न्यू जर्सी राज्यांच्या महाधिवक्त्यांनीं कंपनीवर दावे लावले. तक्रार अशी कीं, कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषी लोक नमुन्यांत पुरेसे नाहींत. तारेचा टेलिफोन नसून केवळ मोबाइल असलेलीं घरें सुटतात. आणि त्यामुळें त्या लोकांच्या स्टेशनांचे आंकडे एकाएकीं घसरून त्यांचें उत्पन्न बुडतें. २००९ च्या जानेवारींत तडजोड झाली व अशीं घरें अधिक घेण्याचें कंपनीनें कबूल केलें. क्रॉस्लींच्या वेळीं टेलिफोन नसलेले सुटले, ह्या वेळीं तारेचा टेलिफोन सोडून दिलेले सुटले.

आतां थोडें गणित. पांचशांपैकीं पन्नास जण एक स्टेशन ऐकतात, म्हणून कागदावर १० टक्के लिहिलें. नमुना अगदीं निर्दोष धरला तरी खरा आंकडा साडेसात ते साडेबारा टक्क्यांच्या आंत कोठेंहि असूं शकतो. मग शेजारचें स्टेशन ९ टक्क्यांवर आहे म्हणून त्यास दुसरें कसें म्हणावें? ही चूक निम्मी करावयाची तर माणसें चौपट घ्यावीं लागतात, व तो खर्च कोणास नको असतो. त्यांतून मोजणीचें मोठें गिऱ्हाईक म्हणजे स्टेशनेंच. परीक्षार्थ्यानें परीक्षकास फी द्यावी, हा प्रकार कोणत्याहि शाळेनें चालवून घेतला नसता. १९६३ मध्यें अमेरिकन काँग्रेसच्या ओरेन हॅरिस ह्यांच्या समितीनें मोजणीदारांची जाहीर उलटतपासणी केली, तेव्हां कोठें त्यांच्यावर नजर ठेवणारी संस्था निघाली.

असें असलें तरी आंकडे टाकाऊ नव्हेत. एकाच पद्धतीनें, एकाच शहरांत, वर्षभर घेतलेले आंकडे चढत आहेत कीं उतरत आहेत एवढें खुशाल मानावें. क्रमांकावर बोली लावूं नये. आणि ‘इतके लाख श्रोते’ हा तर सर्वांत कच्चा.

आपल्याकडे विविधभारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजीं, प्रथम मुंबई-पुणें-नागपुरास. खासगी एफ्. एम्. स्टेशनें आल्यावर २००७ च्या सुमारास ‘रॅम’ नांवाची रोजनिशीची मोजणी निघाली, ती मुंबई, दिल्ली, बंगळूर व कलकत्ता ह्या शहरांची. पुण्याचें शीत त्या पातेल्यांत नव्हतेंच. म्हणून नाशकांत लोणचें विकणारानें मुंबईचा कागद पाहून भाव ठरवूं नये. माणसें किती विचारलीं, कोणाच्या यादीवरून, व पैसे कोणीं दिले हें आधीं विचारावें. आणि केवळ नभोवाणीवरच सांगितलेला एक निराळा फोन-क्रमांक घेऊन, त्यावर महिन्याभरांत किती फोन आले तें आपल्या वहींत टिपून ठेवावें.