अस्सल मसल कारची कसोटी

रुंद टायर, घनगंभीर आवाज आणि बॉनेटवरचे पट्टे दिसले की कोणत्याही जुन्या अमेरिकी मोटारीला ‘मसल कार’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. वस्तुतः ही संज्ञा अमेरिकी मोटारउद्योगाच्या इतिहासातील एका निश्चित वर्गाची आहे आणि त्या वर्गात बसण्यासाठी गाडीला चार अटी एकाच वेळी पूर्ण कराव्या लागतात : सर्वसाधारण कुटुंबासाठी घडवलेली मध्यम आकाराची, दोन दारांची बॉडी, तीत बसवलेले, त्याच कंपनीच्या मोठ्या गाड्यांसाठी तयार झालेले व्ही-८ इंजिन, सरळ रस्त्यावर झपाट्याने वेग घेण्याला दिलेले प्राधान्य, आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाला परवडेल अशी किंमत. यांतील चौथी अट सर्वांत कमी सांगितली जाते, पण निर्णायक तीच आहे.

व्ही-८ म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात एकाच क्रँकशाफ्टवर जोडलेले इंजिन. सर्व सिलिंडरमध्ये पिस्टन वरून खाली येताना जेवढी जागा मोकळी होते, तिला इंजिनाची क्षमता म्हणतात आणि त्या काळी अमेरिकेत ती घनइंचांत मोजली जाई. क्षमता मोठी असली की एका फेरीत अधिक हवा व पेट्रोल जळते आणि इंजिन फारसे वेगाने न फिरताही चाकांना भरपूर पीळ, म्हणजेच टॉर्क, मिळतो. स्वस्त पेट्रोल आणि लांब-रुंद महामार्ग लाभलेल्या युद्धोत्तर अमेरिकेत शक्ती वाढवण्याचा हा सर्वांत सोपा व कमी खर्चाचा मार्ग होता.

या प्रकाराची चाहूल बरीच आधी लागली होती. ओल्ड्समोबिलने १९४९ मध्ये ३०३ घनइंचांचे नवे ‘रॉकेट’ इंजिन आपल्या तुलनेने हलक्या ‘८८’ या गाडीत बसवले, तर १९५५ च्या क्रायस्लर सी-३०० ने ३०० अश्वशक्तीचा टप्पा गाठला. परंतु सी-३०० आकाराने मोठी होती आणि तिची किंमत चार हजार डॉलरहून अधिक असल्याने ती सुस्थित वयस्कांचीच गाडी राहिली. ‘८८’ मध्ये सूत्राचा अर्धा भाग होता, पण ज्याच्यासाठी ते सूत्र पूर्णत्वास जावे, असा तरुण ग्राहकवर्ग अद्याप उभा राहिला नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, मोठ्या संख्येने जन्मलेली पिढी १९६४ मध्ये अठरा वर्षांची होऊ लागली आणि त्याच वर्षाचे मॉडेल म्हणून पाँटियाकची जीटीओ बाजारात आली.

जीटीओचा जन्म एका पळवाटेतून झाला. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्स या मूळ कंपनीचा दंडक होता. पाँटियाकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मोठ्या गाड्यांमधील ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, इंजिन टेम्पेस्ट ल मान्स या मध्यम गाडीत बसवले. मात्र ते स्वतंत्र मॉडेल म्हणून न देता सुमारे तीनशे डॉलर जादा मोजून घेण्याची ऐच्छिक सोय म्हणून दिले, कारण तो दंडक ऐच्छिक सोयींना लागू होत नव्हता. साध्या कार्बोरेटरसह हे इंजिन ३२५ आणि तीन कार्बोरेटरच्या जोडणीसह ३४८ अश्वशक्ती देई. कंपनीने पाच हजार गाड्यांची अपेक्षा धरली होती. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांहून अधिक विकल्या गेल्या, आणि फोर्ड, क्रायस्लर, शेव्हरोले अशा सर्वांनी त्याच धर्तीच्या गाड्या काढल्या.

किमतीच्या अटीचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिले ते १९६८ च्या प्लिमथ रोड रनरने. जीटीओसारख्या गाड्या सुखसोयींनी हळूहळू महागत असताना प्लिमथने उलटा मार्ग धरला : सलग बाकासारखी पुढची सीट, गालिच्याऐवजी रबरी आच्छादन, पण बॉनेटखाली ३८३ घनइंचांचे, ३३५ अश्वशक्तीचे इंजिन, आणि हे सारे तीन हजार डॉलरच्या आत. त्या वर्षी जवळपास ४५ हजार रोड रनर विकल्या गेल्या. शक्तीसाठी पैसे मोजायचे आणि बाकी सर्व सोडून द्यायचे, हा मसल कारमागचा विचार या गाडीत जितका निखळ दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसतो.

या चार अटी लावल्या की सीमारेषेवरच्या गाड्यांचाही निर्णय करता येतो. शेव्हरोले कॉर्व्हेट ही प्रथमपासून दोन आसनांची स्पोर्ट्स कार म्हणून रचलेली असल्याने, इंजिन कितीही मोठे असले तरी, ती या वर्गात येत नाही. एप्रिल १९६४ मध्ये सादर झालेली फोर्ड मस्टँग छोट्या फाल्कन गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली होती आणि मूळ स्वरूपात तिला सहा सिलिंडरचे साधे इंजिन होते. अशा लहान, लांब बॉनेटच्या गाड्यांना ‘पोनी कार’ म्हणतात. मात्र १९६८ मध्ये तिला ४२८ घनइंचांचे कोब्रा जेट इंजिन मिळाले तेव्हा ती आकाराने लहान असूनही या वर्गाच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचली.

तिसऱ्या अटीची परीक्षा पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, सरळ धावपट्टीवर होई. जागेवरून सुटून हे अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या शर्यतीला ड्रॅग रेस म्हणतात. वळणांवरची पकड आणि ब्रेक यांकडे दुर्लक्ष झाल्याने पुढून जड असलेल्या या गाड्या वळणावर बोजड ठरत, आणि अनेकींच्या चारही चाकांना साधे ड्रम ब्रेकच असत. हा दोष खरा आणि धोक्याचा होता. गौरवाच्या भरात तो झाकणे योग्य नाही.

१९७० मध्ये शेव्हरोले शेव्हेलचे ४५४ घनइंचांचे एलएस६ इंजिन ४५० अश्वशक्तीपर्यंत पोहोचले आणि तेथून उतार लागला. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते भडकले, हवेच्या शुद्धतेसाठी १९७० मध्ये झालेल्या संघीय कायद्याने धुरावर कडक मर्यादा आणल्या, आणि १९७१ पासून जनरल मोटर्सने कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून इंजिनांमधील दाब कमी केला. १९७२ पासून अश्वशक्ती मोजण्याची रीतही बदलली : पूर्वी पंखा, अल्टरनेटर व सायलेन्सर काढून ठेवलेल्या इंजिनाची शक्ती सांगितली जाई, आता ती सर्व जोडणीसह मोजली जाऊ लागली, त्यामुळे प्रत्यक्ष घट झाली त्याहून आकडे अधिक खाली आले. ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीने उरलेसुरले गिऱ्हाईकही आटले आणि १९७४ नंतर जीटीओ बंद झाली.

आजच्या वारसदारांनाही हीच फूटपट्टी लावली पाहिजे. २०१५ ची डॉज चॅलेंजर हेलकॅट ७०७ अश्वशक्तीची होती आणि तिचा पाया त्याच कंपनीच्या चार दारांच्या कौटुंबिक गाडीचा होता. परंतु तिची किंमत साठ हजार डॉलरच्या घरात होती. १९६८ च्या रोड रनरची किंमत महागाई धरून २०१५ च्या हिशेबात मांडली, तर ती वीस हजार डॉलरच्या आसपास येते. शक्तीत हेलकॅटने पूर्वजांना मागे टाकले, पण किमतीच्या अटीवर ती उतरत नाही. सामान्य कामगाराच्या आवाक्यातील असामान्य शक्ती हीच अस्सल मसल कारची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येत बसणाऱ्या बहुतेक गाड्या १९६४ ते १९७२ या नऊ वर्षांतच तयार झाल्या.