प्रोसेसर घेताना दात पाहा!

बालमित्रांनो, आमच्या नांदूरघाटच्या पट्ट्यात कुणी बैल घ्यायला बाजारात गेला, की तो आधी काय करतो, ठाऊक आहे? पाठीवरची झूल, शिंगांचा रंग, गळ्यातली घुंगरमाळ यांवर तो भुलत नाही. सरळ बैलाचा जबडा उघडतो नि दात पाहतो. दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळलेला? दातांवरून वय कळते, वयावरून तो किती वर्षे औत ओढील याचा अंदाज येतो. मगच पैशांची बोलणी!

तुमच्यापैकी काहींच्या घरी संगणक घेण्याचा विचार चालू असेल. कापूस किंवा सोयाबीन विकून आलेले, नाहीतर ऊसतोडीत गाठीला बांधलेले पैसे त्यासाठी बाजूला काढलेले असतील. बीड, अंबाजोगाई किंवा लातूरच्या दुकानात गेलात, की एखादा दुकानदार म्हणेल, "हा घ्या आय-७! सगळ्यात भारी, आणि किती स्वस्त!" अशा वेळी दात कोण पाहणार? तुम्हीच. चला तर, कसे पाहायचे ते शिकू या.

प्रोसेसर करतो तरी काय?

संगणकाच्या पेटीत नखांच्या आकाराची एक सिलिकॉनची चकती असते. तिच्यावर धातूचे झाकण बसवलेले असते. हाच प्रोसेसर. बेरीज करणे, दोन संख्यांची तुलना करणे, आकडे इकडून तिकडे नेणे, एवढीच त्याची कामे. पण वेग पाहाल तर थक्क व्हाल! एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. या ठोक्यांच्या तालावर त्याचे काम चालते.

१९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ नावाचा प्रोसेसर काढला. त्यात २३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३ च्या पेंटियममध्ये ३१ लाख झाले. आजच्या साध्या घरगुती संगणकातही ही संख्या काही शे कोटींच्या घरात जाते. म्हणजे एवढ्याशा चकतीवर केवढी मोठी वस्ती!

दात कुठे असतात?

इंटेलच्या प्रोसेसरवर आय-३, आय-५, आय-७, आय-९ अशी नावे दिसतात. (२०२३ पासून नव्या नावांतून हा 'आय' गळला आहे.) एएमडी कंपनीचे रायझन ३, ५, ७, ९ असतात. यांतले ५ म्हणजे साधारण मधला गट. पण ही झाली नुसती झूल. खरे दात त्यापुढच्या आकड्यात असतात.

आय-५ १२४०० घ्या. पाच आकडी संख्या असेल तर पहिले दोन अंक म्हणजे पिढी. हा झाला बाराव्या पिढीचा. चार आकडी संख्या असेल तर पहिला अंक पाहा. आय-७ २६०० हा दुसऱ्या पिढीचा. म्हणजे जुळलेला बैल! २०२३ च्या अखेरीस आलेल्या 'अल्ट्रा' मालिकेत आकडे नव्याने सुरू झाले आहेत. अशा वेळी सरळ विचारावे, "हा कोणत्या वर्षी निघाला?"

आता एक गंमत पाहा. आय-७ २६०० निघाला २०११ मध्ये आणि आय-३ १२१०० निघाला २०२२ मध्ये. दोघांनाही चार कोअर. मूळ वेग पहिल्याचा ३.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ३.३. कागदावर थोरला पुढे दिसतो ना? पण प्रत्यक्षात धाकटा आय-३ दुपटीहून जास्त काम उरकतो. कारण नव्या रचनेत प्रत्येक ठोक्याला अधिक काम होते. शिवाय थोरल्यासाठी ठरवलेली वीज ९५ वॉट, तर धाकट्याची मूळ गरज ६० वॉट.

पालकहो, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या आय-७ वर लिनक्स आनंदाने चालेल, पण हे घेण्याआधी माहीत हवे. घेतल्यानंतर कळले तर पैसे गेलेले असतात.

पंगत आणि वाढपी

कोअर म्हणजे प्रोसेसरच्या पोटातले स्वतंत्र कामकरी. लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. एका वाढप्याऐवजी सहा असतील तर वाढप भराभर होते. पण पंगत पन्नास जणांची नि वाढपी सोळा असतील, तर निम्मे उभेच राहणार! आणि आत भातच शिजला नसेल, तर सगळेच उभे. संगणकात हे स्वयंपाकघर म्हणजे रॅम आणि साठवणीची डिस्क. महागडा प्रोसेसर घेतला आणि डिस्क जुनी फिरणारी ठेवली, तर वाढपी हात बांधून भाताची वाट पाहत बसतात.

काम वाटून घेण्याची ही युक्ती आपल्या पुण्याने जगाला दाखवली आहे, बरं का! अमेरिकेने हवा तसा महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. ते अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात कुठला अजस्र, एकमेवाद्वितीय प्रोसेसर होता का? नाही! बाजारात मिळणारे, ट्रान्सप्यूटर नावाचे ६४ लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांना एकाच वेळी कामाला लावले होते. हाताशी काय आहे आणि काम कोणते आहे, हे पाहून केलेली ती निवड होती. आपणही तेच करायचे आहे.

शेपटीतले अक्षर

आकड्यानंतर एखादे अक्षर असते. दिसायला लहान, पण फसवणारे! इंटेलच्या प्रोसेसरला 'एफ' असेल (उदा. १२४००एफ), तर त्यात पडद्यावर चित्र दाखवण्याची सोय नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. ते नसेल तर पडदा काळाच राहणार. रायझनच्या ५००० मालिकेत उलटे आहे. ५६००जी मध्ये ही सोय आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. म्हणून स्वस्त दिसले तरी शेपटी वाचल्याशिवाय पैसे मोजू नका.

इंटेलचा प्रोसेसर एएमडीच्या मदरबोर्डवर बसत नाही. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या पिढ्यांच्या खोबणीही वेगळ्या असू शकतात. तेव्हा दोन्हींची जोडी जमते ना, हे आधी विचारून घ्या.

मग घ्यावा कोणता?

आधी वहीत कामे लिहून काढा. अभ्यासाचे व्हिडिओ, टंकलेखन, हिशेब, परीक्षेचे अर्ज एवढेच असेल, तर अलीकडच्या पिढीचा आय-३ किंवा रायझन ३ पुरे. प्रोग्रॅमिंग, चित्रांचे काम, थोडे व्हिडिओ जोडणे आणि घरातल्या दोन-तीन भावंडांचे मिळून काम असेल, तर सहा कोअरचा मधला प्रोसेसर उत्तम. आय-५ १२४०० आणि रायझन ५ ५६००जी या दोघांनाही सहा कोअर आहेत. तासन्‌तास मोठे व्हिडिओ तयार करायचे असतील तरच त्याच्या वर जावे.

वाचलेले पैसे कुठे घालायचे? १६ जीबी रॅम, एसएसडी आणि यूपीएस. आपल्याकडे वीज न सांगता जाते. दोन तास लिहिलेला प्रकल्प यूपीएस नसल्यामुळे एका क्षणात उडाला, तर आय-९ सुद्धा तो परत आणून देणार नाही!

आता तुमचा गृहपाठ

शाळेतल्या किंवा ओळखीच्या संगणकावर, गुरुजींची परवानगी घेऊन, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' वर टिचकी मारा. प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि तो किती टक्के कामात आहे, हे दिसेल. आधी काहीही न उघडता आकडा लिहा. मग एक धडा टंकलिखित करताना, आणि नंतर व्हिडिओ पाहताना. तीन आकड्यांचा तक्ता करा, प्रोसेसरची पिढी ओळखा आणि तो तक्ता घरी आई-बाबांना दाखवा. दुकानात जाण्याआधी त्यांच्या खिशात हा कागद असू द्या.