४,३२० मिनिटं आणि सव्वा लाख कोटी ठिपके

६ फेब्रुवारी २०२३. पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी तुर्कस्तानच्या दक्षिण भागात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नऊ तासांनी ७.५ चा दुसरा. अकरा प्रांतांना त्याचा फटका बसला. त्यांचं क्षेत्रफळ जवळपास १ लाख १० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून जास्त. वस्ती सुमारे १ कोटी ४० लाखांची. एकट्या तुर्कस्तानात ५० हजारांहून अधिक माणसं गेली.

ढिगाऱ्याखालचं माणूस जिवंत सापडण्याची आशा पहिल्या ७२ तासांनंतर झपाट्याने मावळते. ७२ तास म्हणजे ४,३२० मिनिटं. उपग्रहाने टिपलेली छायाचित्रं समोर आहेत आणि एक जाणकार दर चौरस किलोमीटरवरून एक मिनिट नजर फिरवतोय, झोपत नाही, जेवत नाही, असं धरू. सगळा मुलूख बघून व्हायला त्याला ७६ दिवस लागतील. ७२ तास सरतील तेव्हा जेमतेम चार टक्के भाग पाहून झालेला असेल. आणि ते एक मिनिट तरी पुरेल का? ३० सेंटीमीटरला एक ठिपका इतक्या बारीक छायाचित्रात एका चौरस किलोमीटरमध्ये १ कोटी ११ लाख ठिपके येतात. साऱ्या भागाचे मिळून जवळपास सव्वा लाख कोटी.

इतकं बघणं माणसाच्या डोळ्यांना शक्य नाही, म्हणून यंत्राला शिकवावं लागतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने ‘एक्सव्ह्यू-२’ ही प्रणाली तयार झाली. तिच्या शिकवणीसाठी वेगवेगळ्या आपत्तींमधल्या ४५,३६२ चौरस किलोमीटरच्या छायाचित्रांवर ८,५०,७३६ इमारतींच्या नोंदी केल्या होत्या : प्रत्येक इमारतीची बाह्यरेषा आणि शाबूत, थोडी पडझड, मोठी पडझड की जमीनदोस्त, यांपैकी एक शेरा. प्रणाली आपत्तीच्या आधीचं आणि नंतरचं छायाचित्र ताडून पाहते. भूकंपाने हादरलेल्या तुर्कस्तानातल्या अदियामानमध्ये बचाव पथकांनी ती वापरली, तेव्हा त्यांना ठाऊकच नसलेले पडझडीचे भाग समोर आले.

तरी ही नजर वरूनच बघते. मजले एकावर एक बसले आणि गच्ची अखंड राहिली, तर वरून इमारत धडधाकट दिसते. आणि ढग आले की साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह आंधळा होतो. म्हणून यंत्राचा शेरा हा अंदाजच समजायचा. खात्री जमिनीवर उभ्या असलेल्या माणसानेच करायची.

दुसरा पूर आला तो संदेशांचा. अडकलेली माणसं आणि त्यांचे नातलग ट्विटरवर मोहल्ला, रस्ता, इमारतीचं नाव, मजला लिहून मदत मागत होते. कितीतरी पत्ते स्क्रीनशॉटमध्ये होते, म्हणजे शोधात न सापडणारे. तुर्की स्वयंसेवकांनी यंत्राकडून चित्रातली अक्षरं वाचून घेतली, मजकुरातून पत्ता वेगळा काढला आणि तो नकाशावर मांडला. मला या साऱ्या खटाटोपात हे काम सर्वांत मोलाचं वाटतं, कारण इथे प्रत्येक ठिपक्यामागे हाक मारणारं कुणीतरी आहे.

आपल्याकडे ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं, १५१ जण दगावले. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीला तो आला आणि गाव जागेवर नव्हतं. गाव कुठे होतं हे त्याला माहीत होतं, म्हणूनच ते गेल्याचं कळलं. यंत्रालाही नेमकी तीच माहिती लागते, ‘आधी’ची. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांचे, प्रत्येक घराची नोंद असलेले ताजे नकाशे पावसाळ्यापूर्वी तयार हवेत, ही मागणी ग्रामसभेपासून मंत्रालयापर्यंत आपण लावून धरायला हवी. आणि संकटात मदत मागाल तेव्हा पत्ता फोटोत पाठवू नका. गाव, तालुका, घराची खूण अक्षरांत लिहा.