सब्र हवाच, उपचारही हवा

“सब्र कर, नमाज पढ, सगळं ठीक होईल.” घरात कुणी आठवडेच्या आठवडे गप्प राहिले, झोप-जेवण तुटले, की आपण एवढेच सांगतो. सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे. ऐकणाऱ्याला वाटते, आपले इमानच कच्चे!

शरीराप्रमाणे मनही आजारी पडते आणि एकाचे दुखणे दुसऱ्याला लागते, हे अबू जैद अल-बल्खी (निधन ९३४) या मुस्लिम विद्वानाने हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे.

आपल्या वऱ्हाडात याचा अनुभव आला. नापिकी आणि कर्जाने खचलेल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबवला गेला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या आधी माणसाचे ऐकून घेत. गरज पडल्यास समुपदेशक आणि त्यापुढे मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषितांची (स.) शिकवण इथेही लागू पडते. खचलेल्या माणसाला उपदेश न करता त्याच्याजवळ बसा. त्याला सोबत घेऊन मशिदीत, शेतावर, नातेवाइकांकडे जा. जगण्याचा अर्थ अशा लहान कामांतूनच परत सापडतो. जिल्हा रुग्णालयातही सोबत जा. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते.

दुआ कराच, पण त्याला एकटे सोडू नका.