बोटभर मातीचा बहर

सप्टेंबरच्या अखेरीस रतनगडावर सोनकी फुलते आणि नेढ्याखालचे, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकाखालचे उतार पिवळेधमक होतात. ती छायाचित्रं आता घरोघरी पोहोचली आहेत. पण फक्त तो पिवळा रंग गाठायला निघालेला माणूस वाटेतलं निम्मं वैभव तुडवूनच वर जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. गडावरची फुलं पाहायची तर नजर खाली हवी आणि पाय सावकाश. कुठे माती किती, पाणी कुठे थांबतं आणि कुठून निसटतं, एवढं बघायची सवय लागली की कोणतं फूल कुठे भेटणार याचा अंदाज येऊ लागतो.

पाथर्डी-जामखेडकडे पावसाची वाट पाहणारा जिल्हा तो हाच, हे अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला आलं की खरं वाटत नाही. इथल्या घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. रतनगड त्यातच येतो. पावसाळ्यात इथे कातळावरून इतकं पाणी वाहतं की माती टिकणं अवघड. जी टिकते ती खळग्यांत, भेगांत, गवताच्या मुळांशी. सगळा बहर तेवढ्यावर उभा असतो.

रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळापासून आम्ही सकाळी लवकर निघालो. सोबत गावातले मामा होते. खाचरांत भात पोटरीला आला होता. वाट पुन्हा पुन्हा प्रवरा ओलांडते. लोणी-श्रीरामपूरकडच्या उसाला जिचं पाणी जातं ती नदी इथे गुडघाभर ओढा असते. पुढे भंडारदऱ्याला, 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण तिला अडवतं.

बांधावर पिवळ्या फुलांचा कवला होता. वरच्या पाकळीवर दोन लाल ठिपके, म्हणून हल्ली त्याला मिकी माऊसचं फूल म्हणतात. मामांना ते नाव ठाऊक नव्हतं. “पहिल्या पावसात कोवळा असतो तेव्हा भाजी करतो आम्ही याची,” ते म्हणाले. “फुलावर आला की चोथट लागतो.”

जंगलात शिरलं की उजेड कमी होतो आणि फुलंही. इथे दोन्ही बाजूंना कारवी दाटलेली. तिच्या काठ्यांचे कुड लिंपून इकडे घरं उभी राहिली. ती सात वर्षांतून एकदा फुलते आणि आमच्या वाट्याला नुसती पानं होती. हरिश्चंद्रगडाकडे जाणारी वाट सोडून आम्ही चढ धरला. चढाच्या शेवटी लोखंडी शिड्या, मग गणेश दरवाजा.

दरवाज्याच्या वर, पाण्याच्या टाक्यांकडे जाताना एक उघडा कातळ लागतो. जेमतेम घोंगडीएवढा तुकडा निवडून मी त्यापाशी भिंग घेऊन बसलो. मधोमध नुसता दगड आणि शेवाळ. त्याच्या कडेने, जिथे नखभर माती आणि वरून पाण्याचा सतत पाझर, तिथे सीतेची आसवं. दोन-तीन इंचांची केसासारखी दांडी आणि तिच्यावर जांभळं फूल. मागे निमुळती सोंड, ओठावर पांढरा डाग. इथे वाहत्या पाण्याने नत्र धुऊन नेलेलं असतं, त्यामुळे ही वनस्पती शिकार करते. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसांना लागला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात हे घडतं. वर दिसणाऱ्या नाजूक फुलावरून याची कल्पनाही येत नाही.

तिथून वीतभर खाली पाणी साचून राहिलं होतं. तिथे गेंद, पांढऱ्या टिकल्यांसारखे. दगडाच्या भेगेत नभाळी. तिच्या पुंकेसरांच्या तंतूंवर निळे केस असतात, भिंगाखाली ते मणी ओवल्यासारखे दिसतात. आणि जिथे बोटभर माती जमली होती तिथून तेरडा सुरू. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण इथे एक रोप मावळतं तोवर शेजारचं फुललेलं असतं. पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लावा, ते फटकन वळतं आणि बिया उडतात.

सोनकी त्याच्याही पलीकडे, माती जास्त आणि पाणी निथळून जाणारं अशा उतारावर. कोकण दरवाज्यावरून नेढ्याकडे वळताना ती कमरेपर्यंत दाटली होती. जिला आपण एक फूल म्हणतो तो फुलांचा गुच्छ असतो: कडेची प्रत्येक पिवळी पाकळी हे वेगळं फूल, आणि मधल्या चकतीत नळीसारखी बारीक फुलं, बाहेरून आत क्रमाने उमलणारी. म्हणून एकाच गुच्छावर कीटकांना कितीतरी वेळ काम पुरतं. ढग फाटला की पलीकडे अलंग-मदन-कुलंग दिसत होते, खाली भंडारदऱ्याचा फुगवटा. पण मला उठावंसं वाटत नव्हतं.

याच उतारावर मन खट्टू करणारी गोष्टही आहे. मूळ वाटेवर चिखल झाला की लोक बूट वाचवायला बाजूने चालतात. तिथेही चिखल होतो, मग आणखी बाजूने. एका वाटेच्या तीन होतात. तुडवलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते पावलांच्या चाकोरीतून धावतं आणि ती बोटभर माती घेऊन जातं. तेरडा, सीतेची आसवं ही एका हंगामाची झाडं. पुढल्या वर्षीचं बी याच मातीत पडलेलं असतं. माती गेली की बीही गेलं. फोटोसाठी सोनकीत आडवं होणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागतं, आणि ते सांगायला हवं. चिखल असेल तर चिखलातूनच चालावं, बूट धुता येतात.

त्र्यंबक दरवाज्याकडे उतरण्याआधी मामांनी नेढ्याच्या अलीकडचा एक उघडा पट्टा दाखवला. दोन्ही बाजूंना सोनकी, मधे नुसता मुरूम. “ही जुनी वाट,” ते म्हणाले. “बंद करून बरीच वर्षं झाली. अजून काय उगवंना तिथं.”