बर्फावर निघण्यापूर्वी आदली रात्र पाहा

परीक्षा संपल्या की गिरगाव, दादर, लालबागमध्ये कुणाकडे ना कुणाकडे हिमालयासाठी सॅक भरली जाते. कुणी कसोलहून सार पासला निघतं, कुणी सहकुटुंब सिक्कीमला. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरलेल्यांना दरडीचा धोका पुरता ठाऊक असतो. बर्फ मात्र स्वच्छ उन्हातही कोसळतो, आणि ऊन पडलं की आपण बिनधास्त होतो.

4 एप्रिल 2023 रोजी गंगटोक-नाथुला रस्त्यावर भर दिवसा हिमस्खलन झालं, म्हणजे उतारावरचा बर्फ एकाएकी सुटून खाली आला. सात पर्यटकांचा जीव गेला. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे होते, दुर्घटना पंधराव्या मैलाजवळ घडली. ही काही शिखरावर निघालेली माणसं नव्हती. आपल्यासारखीच सहलीला आलेली होती.

हे घडतं कसं, ते आधी पाहू. हिवाळाभर बर्फाचे थरावर थर साचतात. एप्रिल-मेच्या उन्हात वरचा बर्फ वितळतो, पाणी आत झिरपतं आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. चौपाटीवरच्या गोळ्यात सरबत मुरलं की तो काडीवरून घसरू लागतो, तसंच. रात्री हे पाणी गोठतं आणि थर पुन्हा धरून बसतो. म्हणून सगळा हिशेब रात्रीवर असतो.

पहिलं काम निघण्याआधीचं. चंदिगढची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडसारख्या भागांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. ते पाहा. मात्र असा इशारा मोठ्या प्रदेशासाठी असतो; आपल्या वाटेवरचा एखादा उतार त्याहून धोकादायक असू शकतो. गेल्या दोन दिवसांत भरपूर नवा बर्फ पडला असेल किंवा बर्फावर पाऊस झाला असेल, तर थांबलेलंच बरं.

मग आदली रात्र. आभाळ निरभ्र असेल तर बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि तो कडक होतो. आभाळ भरलेलं असेल तर ती उष्णता अडते, बर्फ नीट गोठतच नाही. तंबूत उबदार वाटलेली ढगाळ रात्र सकाळसाठी वाईट. याबाबतीत बहुतेकांचा अंदाज नेमका उलटा असतो.

पहाटे निघताना बूट दाबून पाहा. जेमतेम ठसा उमटला तर ठीक. तेवढ्यावर विसंबू नका. वर पातळ कवच आणि खाली लगदा, असंही असतं. काठी जोर लावून खुपसा. ती सहज वीतभर आत गेली, तर रात्रीनं आपलं काम केलेलं नाही. सार पाससारख्या ठिकाणी तांबडं फुटण्याआधी उठवतात ते याचसाठी. तिथे पाच मिनिटं जास्त झोपण्यासाठी हुज्जत घालू नये.

वाटेत उतार मोजा. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारांवरून बर्फ सर्वाधिक सुटतो. काठी उतारावर आडवी न ठेवता वर-खाली टेकवा आणि तिच्यावर मोबाइल ठेवा. कोन मोजणारं अॅप आकडा दाखवतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त पायाखालचा उतार पाहणं. आपण सपाटीवर असलो तरी वरचा उतार आपल्या अंगावर येऊ शकतो. सह्याद्रीत नाळेतून दगड येतात, तसाच बर्फही नाळेतून येतो, म्हणून जेवायला तिथे बसू नका. धारेवर वाऱ्यानं अधांतरी पुढे आलेली बर्फाची कड दिसली तर तिच्या वरही नको, खालीही नको.

ऊन आधी पूर्वेकडच्या उतारांवर येतं, मग दक्षिणेकडच्या, दुपारी पश्चिमेकडच्या. वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, पाय घोट्यापर्यंत रुतू लागला, की उतार सोडा. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा बर्फाला तडा गेला, तर आल्या पावली, कमी उताराच्या बाजूनं मागे फिरा.

उतार ओलांडावाच लागला तर एकेकानं जावं, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून नजर ठेवावी. मध्ये फोटोसाठी थांबणं नको. कुणी गाडला गेलाच तर शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांत धरून ठेवा आणि वरचा उतार शांत आहे हे पाहून लगेच शोधा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची आशा मोठी असते; पुढे ती झपाट्यानं घटते. म्हणून बर्फाच्या उतारांवर नेणाऱ्या आयोजकांना आधीच विचारा: गाडलेल्याचा माग काढणारं यंत्र, शोधकाठी आणि फावडं सोबत आहे का?

आणि दिल्लीहून परतीचं आरक्षण करताना एक दिवस मोकळा ठेवाच. ‘उद्या गाडी आहे’ म्हणून दुपारी, मऊ बर्फातून घाईनं उतरणाऱ्यांत आपण नसावं.